रुमालाखालचा फोन

सोलापूर,
शनिवार

तीर्थरूप बिरुदेवमामांस,

सुकन्याचा पायांना हात लावून नमस्कार, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता. सूज उतरली का? डॉक्टरांनी चालू नका सांगितलंय आणि तुम्ही मोडनिंबच्या चौकात जाऊन चहा पिऊन येता, असं मामींनी कळवलं. त्यांना नमस्कार. मी ठीक आहे. ऑफिस तेच, चादरींच्या दुकानाच्या वर. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कागदावर लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुम्ही मागे विचारलं होतं की मी नेमकं काय काम करते. फोनच्या पडद्यावर काय कुठे दिसावं ते मी ठरवते. बटण कुठे, अक्षर केवढं, बोट कुठे पडेल. (तुम्ही म्हणालात, "ह्येला पगार देत्यात व्हय?" देतात.) सध्या आम्ही शेळ्यामेंढ्यांच्या बाजारासाठी 'दावण' नावाचं ॲप करतोय. विकणाऱ्याने जनावराचा फोटो टाकायचा, घेणाऱ्याने भाव सांगायचा, पटलं की सौदा. ऑफिसला ते चालायला हवं आहे. मला ते आईसाठी चालायला हवं आहे. आई बोकड वाढवते आणि बाजारात त्याचा सौदा तुम्ही करता, कारण सौदा रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून होतो, आणि बाईचा हात तिथे कुणी घेत नाही. यंदाचा बोकड मीच विकणार, असं ती म्हणते. "माझ्या हातानं वाढलाय, माझ्या हातानं जाईल की." मी म्हटलं, ॲपमध्ये हात धरावा लागत नाही.

माझ्याबरोबर सिदू काम करतो, अक्कलकोटचा. आमच्या धंद्यात फॅशन फार. मध्यंतरी सगळ्या बटणांचे कोपरे गोल झाले, आता सगळं काचेसारखं आरपार दिसायला हवं. हत्यारंही तशीच. सिदूने दिवाळीत शिकलेलं संक्रांतीला जुनं होतं. हल्ली निम्मं काम यंत्रच लिहून देतं, ते चुकलं की सिदू त्याला कानडीत झापतो. (यंत्राला कळतं म्हणे.) त्याने 'दावण' आजच्या फॅशनप्रमाणे केलं. फिकट राखाडी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात तीन काळ्या आडव्या रेघा. त्या दाबल्या की यादी उघडते, आणि हे साऱ्या जगाला माहीत आहे असं आम्ही धरून चालतो. जनावर नको असेल तर डावीकडे ढकला, हवं असेल तर उजवीकडे. सौदा झाला की पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडतात.

ते घेऊन आम्ही सांगोल्याच्या बाजारात गेलो. तिथल्या उन्हात राखाडी अक्षरं दिसेनात. लोकांनी कोरा फोन उलटसुलट करून परत दिला. एकाला फक्त त्या तीन रेघा दिसल्या. त्याने त्या रेघा म्हणजे तीन बोटांचा भाव असं धरलं, आणि कुठलंही जनावर काढलं तरी भाव तोच कसा म्हणून आमच्यावर उखडला. मग वैरागचे व्यापारी धोंडीराम आले. त्यांनी फोन घेतला आणि सरळ रुमालाखाली घातला. मी विचारलं, असं का. "भाव उघड्यावर दावत्यात व्हय, पोरी? चार माणसं बघत्यात." त्यांनी आत चाचपडत बोटं फिरवली. थोड्या वेळाने, आपण कुणाच्या तरी खिशात आहोत असं समजून फोन विझला. "मेलं की ह्ये," म्हणत त्यांनी तो बाहेर काढला. पण विझायच्या आधी त्यांनी बरीच मेंढरं उजवीकडे ढकलली होती. पडदा उजळला तेव्हा रंगीत कागद उडत होते आणि एक मेंढपाळ आनंदाने आपला कळप घेऊन त्यांच्याकडे येत होता.

परतीच्या एसटीत सिदूने रुमाल तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं. मी मात्र बरी होते. आम्ही डोळ्यांसाठी पडदा केला होता आणि इथे भाव हाताला कळतो, एवढं समजलं होतं. आम्ही सगळं पुसलं. आता 'दावण' उघडलं की पडदा काळा. दोघांनी आपापला फोन आपापल्या रुमालाखाली धरायचा. तुम्ही बोटं टेकवाल तसा समोरच्याचा फोन थरथरतो. ("मग डिझाइन कुठाय?" असं विचारून सिदू जेवायला गेला आणि न जेवता परत आला. आता पुढची फॅशन हीच, असं तो सगळ्यांना सांगतो.) बोटांच्या खुणा धोंडीरामांनी सांगितल्या, त्याही आढेवेढे घेत. आई सोलापुरात आली आणि सिदूशी सौदे करत शिकली. सरावापुरता म्हणून आमचा जुना मिक्सर मध्ये ठेवला होता. संध्याकाळी सिदू तो घेऊन घरी गेला. धोंडीराम आईशी सौदा करायला कबूल आहेत. म्हणाले, "फोनला काय, बाई आन् बाप्या सारकंच."

उद्या बाजार आहे. मला वाटतं, जमेल. गोळ्या वेळेवर घ्या, पाय उंच ठेवा.

तुमची भाची,
सुकन्या

ता.क. गुडघ्याची एवढी चौकशी का, ते सांगते. पाय आडवा टाकून जीपने येतो, असा निरोप तुम्ही आईला दिलाय. येऊ नका. तुम्ही दिसलात की धोंडीराम रुमाल तुमच्यापुढे करतील आणि आई सवयीने मागे सरेल. डॉक्टरांचं ऐका.

ता.क. दुसरा. पत्र पर्समध्येच राहिलं, आज सोमवार. मामींनी जीपची किल्ली लपवली, हे कळलं. काल बाजारात आईने फोन उघडला, तर सिदूने त्याच सकाळी ॲपची नवी आवृत्ती सोडलेली. आधी ती उतरवून घ्या म्हणे. नेमकी काल रेंज नव्हती. पडद्यावर चाक फिरत राहिलं. धोंडीराम थांबले, आजूबाजूची माणसंही थांबली. आईने फोन माझ्या हातात दिला आणि आपला हात धोंडीरामांच्या रुमालाखाली घातला. "फोनबिगर कसं?" ते म्हणाले. "बोटं हायती की," आई म्हणाली. त्यांनी दुसऱ्या हाताने बोकडाची पाठ चाचपली. मग त्यांनी हात धरला. सौदा झाला. मी भाव विचारला तर म्हणाली, "रुमालाखालचं भाईर सांगत न्हाईत." ऑफिसला काय कळवावं ते मला सुचत नाही. सिदूच्या मते 'चाचणी यशस्वी'.

एकच अडचण झाली. अर्ध्याची, म्हणजे अर्ध्या हजाराची, खूण आम्ही पुढच्या आवृत्तीसाठी ठेवली होती, त्यामुळे ती आईला येत नाही. धोंडीराम अर्ध्यावर यायला बघत होते. तिला ते कळलंच नाही, ती आपल्या बोटांवर ठाम राहिली आणि शेवटी तेच तिच्या भावापर्यंत वर आले. दर वेळी असं होणार नाही. तेव्हा गुडघा बरा झाला की या आणि तिला ती खूण शिकवा. आईच्या शेजारच्या दगडाबाई आणि त्यांची सून रेश्मा, दोघी शिकायला बसणार आहेत. रुमाल मोठा आणा.