इंग्रजांच्या बाजूने

८ फेब्रुवारी २०२६, रविवार
सकाळी शेजारचा वॉल्टर आला. हातात त्याने स्वतः केलेला कॉर्नब्रेड. निवृत्त शाळामास्तर. दर मार्चला इथून तासाभरावरच्या जुन्या रणमैदानावर अमेरिकन क्रांतियुद्धातली लढाई लोकांपुढे पुन्हा करून दाखवतात, त्यात हा बरीच वर्षं असतो. यंदा देशाला अडीचशे वर्षं, म्हणून गर्दी जास्त होणार. म्हणाला, माणसं कमी पडतायत, येशील का? लगेच हो म्हटलं. रिटायर झाल्यापासून कुणी कशाला बोलावलेलं नाही. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "एक आहे. सगळ्यांना बंडखोरच व्हायचंय. इंग्रज व्हायला कुणी तयार नाही."
म्हणजे लाल कोट. मी.
शब्द देऊन बसलोय.

९ फेब्रु.
जेवताना सुनंदाला सांगितलं. तिने आमटी वाढायची थांबवली नाही. भांडी डिशवॉशरमध्ये लावून झाल्यावर म्हणाली, "नानांच्या बोटांचं काय?"
माझे वडील. बेचाळीसमध्ये विशीत तुरुंगात गेले, मोर्चात पोलिसांच्या काठीने उजव्या हाताची दोन बोटं मोडली ती नीट जुळलीच नाहीत. शेवटी आजारी होते तेव्हा मी इथे नोकरीत अडकलेलो, सु. साताऱ्याला जाऊन सहा महिने राहिली. त्यांना घास तिने भरवलेत. बोलण्याचा अधिकार तिचाच जास्त.
मी म्हटलं, अगं नाटक आहे. "मग मला नको सांगूस," म्हणाली.

१५ फेब्रु., रवि.
पहिली तालीम. कोट लोकरीचा, मानेला टोचतो. बंदूक वाटली त्यापेक्षा जड. खांद्यावर घे, उतरव, पुढे चल, थांब. सत्तरी ओलांडल्यावर कुणी हुकूम दिला की गंमत वाटते. वॉल्टर माझ्या डाव्या हाताला. माझं काम सोपं: रांगेत चालायचं, दुसऱ्या फैरीला पडायचं.
कोट गाडीच्या डिकीतच ठेवला. घरात आणला नाही.

२२ फेब्रु.
आज ग्लोरियाशी ओळख. डरहॅमची, निवृत्त नर्स, कृष्णवर्णीय. गुलामीतून मुलाला घेऊन इंग्रजांच्या तळाकडे पळणाऱ्या बाईचं काम करते, लढाईचं निवेदनही तीच करते. इंग्रजांनी बंडखोरांच्या गुलामांना सांगितलं होतं, आमच्याकडे या, मोकळे व्हाल. हजारो गेले. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून, मुलीच्या शाळेचा अभ्यास घेऊन.
तिला म्हटलं, मला हा कोट घालायला जड जातंय, आणि नानांचं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लोक मला विचारतात, तू चुकीच्या बाजूला का पळतेस? मी सांगते, ज्या मालकाच्या घरातून मी पळते तो स्वातंत्र्यासाठी लढत होता. स्वतःच्या."
इंग्रजांनी शब्द पाळला का, विचारलं. "काहींच्या बाबतीत. देवीची साथ आली तेव्हा कित्येकांना रस्त्याच्या कडेला टाकून पुढे गेले."
परतताना गाडीत रेडिओ लावला नाही.

१ मार्च
दोन दिवस वाचतोय. त्या मैदानावर जिंकूनही ज्याचं सैन्य मोडकळीला आलं, आणि त्याच वर्षी व्हर्जिनियात ज्याने शरणागती पत्करली, तो इंग्रज सेनापती पुढे काही वर्षांतच गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात. म्हैसूरवर चालून गेला तेव्हा पेशव्यांचं सैन्य त्याच्या सोबतीला. मेला गाझीपूरला, तिथेच गंगेकाठी पुरलाय.
सु.ला वाचून दाखवलं. ऐकत होती. "म्हणजे इथे हरला नसता तर तिकडे आला नसता?"
"दुसरा कुणी आला असता."
"आणि आपलेच त्याच्या मदतीला." मग म्हणाली, "नाना सांगायचे ना, काठी मारणारा शिपाई त्यांच्याच गल्लीतला होता. डोळे मिटून मारत होता म्हणे."
हे मी विसरलो नव्हतो. पण तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्या शिपायाचा पहिल्यांदा विचार केला. त्याचाही गणवेश टोचत असेल का, वगैरे. उगाच. पण केला.

७ मार्च, शनि.
वॉल्टरला आज सगळं सांगितलं. नाना, बोटं, सु. त्याचा चेहराच उतरला. "मला माहीत असतं तर विचारलं नसतं. अजूनही कॅन्सल कर, मी बघतो." मी नाही म्हटलं. कुणीतरी ती बाजू उभी करायला हवी, नाहीतर समोरचे कुणाशी लढले ते दिसणार कसं, असं काहीतरी बोललो.
सु.ने विचारलं, किती वाजता निघायचं. येतेय, पण गाडीत पुस्तक वाचत बसणार.

१४ मार्च, शनि.
झालं.
ऊन चांगलं होतं. दोराच्या पलीकडे बरीच गर्दी, मॉरिसव्हिलची दोन-तीन मराठी कुटुंबंही दिसली. आम्ही रांगेने निघालो की लोकांनी ओरडायचं, "गो होम, रेडकोट्स". दर वर्षीची पद्धत. सगळे हसत होते, वॉल्टरने टोपी किंचित झुकवली. मलाही हसू आलं.
आमची रांग दोराच्या अगदी जवळून वळते. तिथे एक तरुण होता, तिशीचा असेल. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओरडला नाही. साध्या आवाजात म्हणाला, "यू. गो होम."
शेजारची बाई हसायला लागली आणि थांबली.
वॉल्टरची पावलं चुकली. मी चालत राहिलो. चाल मोडायची नाही असं शिकवलंय म्हणून, की दुसरं काही सुचलं नाही म्हणून, सांगता येत नाही. दुसरी फैर झाली, मी पडलो. गाल गवतावर. स्पीकरवर ग्लोरियाचा आवाज: ही लढाई इंग्रज जिंकले, पण इतकी माणसं गमावून, की युद्ध त्यांच्या हातातून निसटायला लागलं. पडल्या पडल्या मला हे शांतपणे ऐकता आलं, याचं नवल वाटतं.
घरी येताना सु.ने पुस्तक मागच्या सीटवर टाकलं. मग म्हणाली, ती गाडीत थांबली नव्हती. त्या मुलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, मला दिसली नव्हती. "पाचच मिनिटं आधी मला पुढे जागा करून दिली त्याने. मॅम म्हणाला."

१७ मार्च
आयोजकांचा फोन. वॉल्टरने कळवलं असणार. फार वाईट वाटलं म्हणाले, मनापासून. चार जुलैच्या संचलनात मला बंडखोरांचा निळा कोट देणार, पहिल्या रांगेत, झेंड्याजवळ. "तुम्हाला ते सोपं जाईल."
विचार करून सांगतो म्हटलं.
त्यांच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. तरी दिवसभर डोक्यात तेच. मी इथला आहे हे दिसावं म्हणून निळा. वॉल्टरला लाल कोटातही कुणी काही म्हटलं नाही.

१८ मार्च
सु. म्हणाली, "लालच घाल."
मी म्हटलं, "तूच ना, मला नको सांगूस म्हणाली होतीस?"
"तेव्हा तू नको घालूस असं मला वाटत होतं. आता त्यांना वाटतंय." मग म्हणाली, "आणि नको वाटलं तर घरी बस. पण सोपं म्हणून निळा नको घालूस."
ग्लोरियाला फोन केला. ती म्हणाली, "मी त्या दिवशी दोन्ही सैन्यांपासून पळणार आहे. ये माझ्याबरोबर." हसलो दोघं. पण थट्टा पूर्ण थट्टा नव्हती.

२२ मार्च, रवि.
वॉल्टर मागच्या अंगणात आला, चहा घेतला. म्हणाला, तू ज्या बाजूला असशील त्या बाजूला मी. निळा तर निळा, लाल तर लाल. मी म्हटलं, थँक्स, पण मला सोबत नकोय, मला बाजू ठरवायचीय. त्याला ते लागलं की पटलं, कळलं नाही. कप आत नेऊन विसळून ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन परत वळला. म्हणाला, "लहानपणी लढाई खेळताना कुठली बाजू, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. सगळे बंडखोरच असायचो."
आयोजकांना उद्या कळवायचंय. सु.ने काही विचारलेलं नाही. मीही अजून काही ठरवलेलं नाही.