माझा आवाज ऐकल्याशिवाय

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. अमरावती

लागली एकदाची नोकरी, आणि तीही मनासारखी. बडनेरा रोडवर संत्री आणि भाजीपाला देशभर पाठवणारी कंपनी आहे. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांची राखण आजपासून माझ्याकडे. व्हायरस, खोटे मेल, पासवर्ड चोरणारे, या सगळ्यांशी आता मी भांडायचं. भांडायची तुले सवयच हाये, असं आई बार्शीटाकळीहून फोनवर म्हणाली. साखरेच्या आजारानं तिची नजर गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणून रोज संध्याकाळी फोन करायचा ठरलंय. तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाजच.

नोकरी मिळाली ती मंजुषाताईंमुळे. त्या कंपनीचं ऑफिस सांभाळतात. मुलाखतीत पुस्तकी मराठी बोलता बोलता माझी गाडी वऱ्हाडीवर घसरली, तेव्हा ताई हसून म्हणाल्या, हिलाच घ्या. दुपारी त्यांनी डब्यातली पातोडीची भाजी अर्धी माझ्या ताटात वाढली. माझ्या आधी इथे प्रीतम नावाचा मुलगा होता. तो का गेला, ते कोणी नीट सांगत नाही. जाऊ दे, मला काय करायचंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

इथला कारभार पाहून डोक्याला हात लावला. सगळ्यांचा पासवर्ड एकच, तोही मालक देवानंदभाऊंच्या नातवाचं नाव. शीतगृहाचं तापमान कॉम्प्युटरवर चालतं. ते पाहणाऱ्या भगवंतकाकांनी तर पासवर्ड खडूनं दारावरच लिहून ठेवला होता. रोज उठून कोणाले इचारत बसू, असं वर मलाच ऐकवलं.

मी मेलवरून सूचना पाठवल्या, त्या कोणी उघडल्या नाहीत. बक्षीस लागल्याचा खोटा मेल मात्र तिघांनी उघडला. शेवटी काकांनीच तोड काढली. मेल-फील आमाले समजत नाही, तू फोन करत जाय, वऱ्हाडीत बोल्ली की आमी समजू आपलीच पोरगी हाये. चोर काय वऱ्हाडीत बोलते? सगळे हसले. मीही हसले, पण मला ते पटलं. आजवर मला आलेले चोरांचे फोन एकतर हिंदीत होते, नाहीतर बातम्यांसारख्या मराठीत.

तसा नियमच केला. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. तो कोणालाही द्यायचा नाही. अडचण आलीच तर मी स्वतः फोन करीन, आणि माझा आवाज ऐकल्याशिवाय कोणी काही सांगायचं नाही. भाऊंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आज मी स्वतःवर भलतीच खूश आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नियम छान चालू आहे. ताईंनी त्यात भर घातली. सूचना माझ्या आवाजात रेकॉर्ड करून गोदामातल्या भोंग्यावर लावायच्या, म्हणजे हमालांनाही कळेल. रोज दुपारी त्या मला आपल्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावून ऐकतात आणि मान डोलावतात.

आता एका छोट्या नाटकाचंही काढलंय. मुलगी आईला फोन करते, असा प्रसंग आहे. तो हसून म्हणायचा, चिडून म्हणायचा, रडवेली होऊन म्हणायचा, झोपेतून उठल्यासारखा म्हणायचा. नाटक कधी आहे, विचारलं, तर म्हणाल्या, ठरन ना बाप्पा. घसा बसला तेव्हा आल्याचा काढा स्वतः करून आणला आणि म्हणाल्या, अजून एकदा फक्त ‘आई’ म्हण. सख्खी बहीण असती तर अशीच असती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार घरी होते. आईच्या डोळ्यांत औषध घातलं, तिचं डोकं धुऊन दिलं. आज फाटकाशी पोचले तर वास आला. सडल्याचा नाही, शिजल्याचा. शीतगृह शनिवारपासून उलटं तापत होतं. टोमॅटो, मेथी, पेट्यांतली संत्री, सगळ्यांचं पाणी होऊन दाराखालून वाहत होतं. एकही कॉम्प्युटर उघडत नाही, पडद्यावर नुसतं ‘पैसे भरा’ दिसतं.

भगवंतकाका पायरीवर बसले होते. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, तूच तं सांगतलं, पोरी.

मी शनिवारी फोन करून सगळ्यांचे पासवर्ड मागितले म्हणे. सगळ्यांचे. मी कोणालाही फोन केलेला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊंच्या खोलीत तो फोन ऐकवला. ऑफिसच्या फोनवरून केलेला, म्हणून रेकॉर्ड झालेला.

माझाच आवाज. काका, मी बोलून राहिली, काहून उशीर लावता, शीतगृह बंद पडन ना! मधे माझं हसू. तेही माझंच.

मी म्हटलं, मी त्या दिवशी बार्शीटाकळीला होते. तेव्हा मंजुषाताई टेबलाकडे पाहत हळूच म्हणाल्या, की शनिवारी दुपारी त्यांनी मला ऑफिसात पाहिलं. मला वाटलं, त्यांचा वार चुकतोय. मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

एसटीचं तिकीट कोण जपून ठेवतं? शेजारी लग्नाला गेले होते. मी घरी होते, हे सांगणारी एक आईच आहे. भाऊ म्हणाले, शुक्रवारपर्यंत तिला घेऊन ये, नाहीतर मी पोलिसांत जातो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एसटीनं अचलपूरला गेले, माझ्या आधीच्या प्रीतमकडे; तो का गेला, ते आता विचारायलाच हवं होतं. तो बोलत नाही. मुका नाही, त्यानं बोलणं सोडलंय. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइलवर लिहून दाखवलं: ताईंनी तुझ्याकडूनही वाचून घेतलं का?

वाचून घेतलेल्यावरून कॉम्प्युटरला आवाज शिकवतात; त्याच्याही नावावर असंच झालं होतं, याआधीच्या कंपनीत. तिथेही ताईच होत्या. तेव्हा त्याला त्यांचा संशय आला नाही; ओळखीनं त्यांनीच त्याला इथे आणलं, आणि इथे पुन्हा वाचायला बसवलं तेव्हा तो पळाला. कोणी खरं मानलं नाही. त्यानं लिहिलं, काम झालं तरी तो आवाज थांबत नाही, आता आपला आपणच बोलतो. जितकं बोलशील तितकं तो शिकेल.

आतल्या खोलीत त्याचे वडील फोनवर कोणाशी तरी खुशाल गप्पा मारत होते. कोण आहे, मी विचारलं.

प्रीतमनं लिहिलं: मी.

आणि मग: बाबांना तोच आवडतो. तो चिडत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ताईंना जिन्यात गाठलं. मला रडायचं नव्हतं, पण रडले. तुमच्या ताटात जेवले, तुम्हाला बहीण मानलं, असं काहीबाही बोलले. त्यांनी माझे डोळे पुसले. म्हणाल्या, तुहा आवाज लय गोड हाये वं, लोकं लगेच इश्वास ठेवते. त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता. चालू. माझ्याकडे धरलेला —

मी रडलेलंही त्यांनी घेतलं.

आईचा फोन सकाळपासून लागत नाही. दुसऱ्या कॉलवर आहे. इतका वेळ? कोणाशी —

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. बार्शीटाकळी

घराच्या ओट्यावर बसले आहे. बोलायचं नाही, म्हणून लिहिते.

आल्या आल्या हाक मारली, तेवढीच. दार आतून लावलेलं. आई ओरडली, माही पोरगी माह्यासंग बोलून राहिली, तू कोण हायेस? आतून मी ऐकू येतेय. फोनमधून. रडत सांगतेय, आई, कंपनीनं एक बाई धाडली, हुबेहूब माह्यासारखी बोलते, दार उघडू नको.

कालचं रडणं. जिन्यातलं —

शनिवारी कोण घरी होतं, हे फोनमधली ती आईला समजावतेय. थे मी नवतीच, आई. आणि आई हो म्हणतेय. जिनं डोकं धुतलं ती मी नव्हते म्हणे. आई, अगं आई —

हाक मारली तर ती शिकेल. नाही मारली तर —

खिडकी उघडी आहे. डावा हात गजांतून आत घातलाय. आई आवाज नाही, हात ओळखेल. बोटं, करंगळी, लहानपणी भाजलेलं मनगट, हे काही रेकॉर्ड होत नाही.

आई आली. चाचपडत आली. हात धरला तिनं. बोटं मोजतेय. मनगटावर अंगठा फिरवतेय. ओळखला, आईनं हात ओळखला —

सोडत नाहीये. दुसऱ्या हातानं फोन कानाशी नेला. विचारतेय त्याला, पोरी, हा हात तुहाच हाये का?

फोन म्हणाला, आई, तो हात माहा नाही, सोडू नको —