बाबाला उठवायचं काम

फुलपाडा, विरार पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वन्सं,

संपदाचा नमस्कार. आमसुलं पोचली. सोलकढी झाली, शेजारी वाटून झाली, आता बरणी मोकळी, हे सुज्ञास सांगणे न लगे! गुडघा कसा आहे? विहिरीवर जाणं बंद केलंत ना?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. एका खोलीत फोनवर काय बोलणार? जिच्याविषयी बोलायचं ती आर्या शेजारीच बसलेली असते.

गणपतीत तुम्ही म्हणालात, "पोर किती गुणी! घरात आहे की नाही कळत नाही." मी फुलून गेले होते. हे रात्रपाळी करून सकाळी येणार, दिवसभर झोपणार. त्यामुळे आमच्याकडे दुपारी कुकर लागत नाही, टीव्ही मुकाच चालतो, पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे न्यायचा. आर्या चालायच्या आधी ओठावर बोट ठेवून "श्शऽऽ" करायला शिकली.

दिवाळीनंतर शाळेतून फ्लॉसी टीचरांचं बोलावणं आलं. आर्या वर्गात तोंडच उघडत नव्हती. बाथरूमला जायचं असलं तरी सांगायची नाही, कपडे ओले व्हायचे. तुम्हाला तेव्हा कळवायचा धीर झाला नाही. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "घसा ठीक आहे. आवाज केला की काहीतरी वाईट होईल, अशी भीती बसलीय. घरात तिच्या आवाजाला काम द्या."

मी रडत बसले. तुमच्या भावाने मात्र काम शोधलं. "आर्यू, आजपासून बाबाला तू उठवायचं. हाक मारून. नुसतं हलवलंस तर मी उठणार नाही."

आणि वन्सं, माणूस खरंच उठेना! ती हलवायची, पाय ओढायची, हे ढिम्म. गाडी चुकायची, ड्यूटीला उशीर, साहेबाच्या शिव्या. मी मोरीच्या पडद्याआड नेऊन गयावया केली, "नोकरी जाईल हो." तर म्हणाले, "दुसरी मिळेल. हिचा आवाज दुसरा कुठून आणू?"

परवा संध्याकाळी मी डबा भरून बसले होते. आर्या त्यांच्या उशाशी. तोंड उघडायची, मिटायची. आणि एकदम, "बाबाऽऽ, ऊठ ना रे! गाडी जाईल!" अशी ओरडली की शेजारच्या रंभाकाकू हातात लाटणं घेऊनच धावत आल्या. हे उठून बसले, तिला पोटाशी धरलं आणि दोघंही रडली. मीही.

शाळेत अजून कुजबुजतेच. वेळ लागेल, असं दवाखान्यातल्या बाई म्हणतात. पण घरात! काल खालच्या मजल्यावरून तक्रार आली, "तुमची पोरगी फार ओरडते." कुठल्याच कौतुकाने मला एवढी ऐट आली नव्हती. उरलेली आमसुलं मी त्यांनाच देऊन टाकली.

शिमगा आटोपून याल तेव्हा दुपार असेल, हे झोपलेले असतील. नेहमीसारखी हळूच कडी वाजवू नका. खालूनच आर्याला मोठ्याने हाक मारा, ती ओ देईल. आणि वन्सं, या खेपेला तिला गुणी मात्र म्हणू नका.

गोंगाटात सुखी,
तुमची संपदा