सीटची उंची अठ्ठावीस इंच

९ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागे तुझ्या क्रेनचा भोंगा वाजत असतो, म्हणून पत्र. शांतपणे वाच. जेवताना वाचू नकोस, डाग पाडशील.

मागच्या पत्रात लिहिलंस की शेडमधली मोटारसायकल भंगारात देऊन टाक. बरा आहेस की! स्वतः पूल बांधायला चालता झालास, आणि तुझं धूड मी सांभाळायचं नि मीच उचलून टाकायचं. तरी भंगारवाल्याला बोलावलं. ताडपत्री काढली तर टाकीला आतून गंज, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, दोन्ही चाकांतली हवा गेलेली, सीटच्या फोममध्ये उंदरांचाच संसार. भंगारवाला दारात उभा. मला काय झालं कोण जाणे, त्याला म्हटलं, नाही द्यायची. तो गेला, आणि मी तिथेच रंगाच्या डब्यावर बसून कार्ब्युरेटर खोलायला घेतला.

तर ठरलं. ही गाडी मी नव्याने बांधणार. नुसती दुरुस्त नाही, तिचा तोंडवळाच बदलणार. मागचं लांबलचक शेपूट कापायचं, ती गादीसारखी सीट काढून आखूड बसवायची, हँडल बदलायचं. जूनमध्ये तुझं काम संपून घरी येशील तेव्हा दारात उभी दिसेल. तू आलास की नानांकडे तू बघ आणि मला जरा मोकळा श्वास घेऊ दे.

नानांचं ठीक. कंबर दुखते, तोल जातो, हात थरथरतो, पण तोंड शाबूत आहे. काठी न घेता हिंडतात, आणि मी ओरडले की म्हणतात, काठीला विश्रांती दिली. मला कोपऱ्यावर भाजी आणायला जायचं तरी शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवावं लागतं. दुकानात शाळांच्या गणवेशांचा ढीग शिवायला पडलाय. तेच ते निळे शर्ट. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जावं ते कळत नाही. म्हणून हा उद्योग.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून क्रेनवरून पडलो नाही, एवढंच. मी सायकलची चेन बसवून घरात शिरलो की, काळे हात कापडाला लावशील तर याद राख म्हणून जी बाई घर डोक्यावर घ्यायची, ती आता कार्ब्युरेटर खोलतेय! नानांनी तुला अडवलं कसं नाही?

चेष्टा पुरे. चासीला हात लावू नकोस. शेपूट कापणं म्हणजे बाही आखूड करणं नव्हे. पहिल्यांदा गाडी बांधणारे सगळे हीच घाई करतात. आधी रूप, मग इंजिन. मग सुंदर गाडी ढकलत घरी आणतात. आधी ती सुरू होतेय का बघ. नवं वायरिंग कर, टाकी धुऊन घे, प्लग बदल. आणि कापायचंच झालं तर मागचे शॉकअप जिथे चासीला धरतात, त्याच्या बरंच मागे काप. पुढे कापलंस तर गाडी बसेल ती उठायची नाही.

जूनचं मग बघू. पुलाचं काम लांबेल असं इथे म्हणतात. नाना अजून वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांवर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या करतात का? चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला तरी तपासणं सुटत नाही.

रागावू नकोस. रागावलीसच तर लोभ मात्र जागचा हलवू नकोस.

तुझा,
बारक्या


२१ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

इंजिन सुरू झालं! किक मारून मारून पोटरी सुजली. वेल्डरचे सल्ले झाले, काकूंचे झाले, नाना तर म्हणाले गाडी रुसली आहे. शेवटी कळलं की पेट्रोलचा कॉकच बंद होता. हे कुणाला सांगू नकोस. काकू सगळीकडे सांगून मोकळ्या झाल्या आहेत ती गोष्ट वेगळी.

तुझं ऐकलं नाही, कापलं. म्हणजे कुठे कापायचं ते तुझं ऐकलं. वेल्डर म्हणाला, बाई, आधी घरी विचारून या. मी म्हटलं, घरी मीच असते. तरी त्याचा हात उचलेना, तेव्हा हॅक्सॉ घेऊन पहिला काप मीच दिला. मग त्याने मुकाट्याने मशीन काढलं. पुढची जोडणी त्याची. सीट अर्थात माझी. काळं रेक्झिन, दुहेरी टाके, बघत राहशील.

एक फजिती झाली. गाडी उंच वाटत होती म्हणून मागे आखूड शॉकअप बसवले. गाडी खाली आली, पण साइड स्टँड जुन्याच मापाचा. स्टँडवर लावली तर कलायच्या ऐवजी ताठ उभी. मी कौतुकाने मागे सरकून बघतेय, तोवर नाना काठीने टाकी ठोकून बघायला आले, आणि गाडी धाडकन पलीकडे आडवी. आरसा गेला. नाना म्हणाले, बघ, तोल काय माझाच जातो असं नाही. आता स्टँड कापून घेतलाय.

मापं कळवते म्हणजे तुला अंदाज येईल. सीट जमिनीपासून अठ्ठावीस इंच. सीटच्या मध्यापासून मुठीपर्यंत एकवीस. फूटरेस्ट थोडे पुढे घेतले. क्लचचा लिव्हर बोटांत येईना, तो जवळ घेतला. बसलं की सगळं कसं हातात येतं.

जूनची तारीख तू अजून लिहिली नाहीस. मागच्या पत्रात ती ओळ गुंडाळलीस ते मला कळलं नाही असं समजू नकोस. इथे मला दिवस मोजत बसवत नाही. मशीनवर बसले तरी पाय पेडलवर भलत्याच वेगाने चालतो, दोरा तुटतो.

लवकर लिही. लोभाला मुदत नसते, तारखेला असते.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षराकडे दुर्लक्ष कर. हात ऐकत नाही. हे पत्र ताईला न सांगता लिहितो आहे, शेजारच्या काकू टपालात टाकतील.

तुला गाडीचं सगळं कळवते, हे कळवलं नसेल. दुपारी दुकान बंद केल्यावर जेवायच्या आधी ती शेडमध्ये जाते. इंजिन बंदच असतं. गाडीवर बसते, हँडल धरते आणि वळणं घेते. डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते. मध्येच ब्रेक दाबते. समोर कोण आडवं येतं देव जाणे. माझ्या खिडकीतून दिसतं, मी बघतो हे तिला ठाऊक नाही. मग उतरते, हात धुते आणि मला वाढते. वाढताना तिचं लक्ष ताटात नसतं.

तुझी आई गेली तेव्हापासून तिने एक रात्र बाहेर काढलेली नाही. तू निघालास तेव्हा तिने तुझी बॅग भरली. मला वाटायचं, तिला घर आवडतं. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

आणि खरं सांगतो. इंजिन सुरू झालं, ती टाळ्या पिटत होती, आणि माझ्या मनात आलं, हे पुन्हा बंद पडलं तर बरं. ही निघाली तर माझं काय? मला एकटं राहायची भीती वाटते रे. बाप म्हणून लाज वाटली, पण वाटायचं ते वाटलंच.

तू नक्की कधी येतोस ते स्पष्ट लिही. तुझं गुळमुळीत लिहिणं मी शाळेपासून ओळखतो.

तुझा,
नाना


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुट्टी होती. वर्कशॉपमध्ये विटा रचल्या, त्यावर फळी टाकली, जमिनीपासून बरोबर अठ्ठावीस इंच. फूटरेस्टच्या जागी दोन विटा, समोर एकवीस इंचांवर पाइप बांधला. वर बसलो. गुडघे पार हनुवटीशी आले, कोपरं पोटात घुसली. फिटर म्हणाला, साहेब, लहान मुलीची तीनचाकी पळवलीत का?

ताई, माझ्या शाळेच्या चड्डीपासून पहिल्या मुलाखतीच्या कोटापर्यंत सगळं तू शिवलंस. एकदाही माप चुकलं नाही. दोन वर्षं मला न बघता तू शर्ट पाठवतेस आणि तो अंगात बसतो. मी केवढा उंच आहे हे तुला झोपेतही माहीत आहे. मग इथेच कसं चुकलं? मी पाइप धरून बराच वेळ विचार केला. चुकलेलं नाही. गाडी तू तुझ्यासाठी बांधलीस.

आता रागावशील ते सांगतो. जूनमध्ये मी कायमचा येत नाही. मुदतवाढ घेतली, ती जानेवारीतच. मला हे काम आवडतं. वरून नदी दिसते, पूल रोज थोडा पुढे सरकतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही. तू वाट बघतेस हे ठाऊक होतं, म्हणून जीभ रेटेना.

पण रजा साठली आहे. एप्रिलमध्ये महिनाभर येतो. नानांचं सगळं मी बघेन. तू दुकानाला कुलूप लाव, गाडी काढ आणि जा. कुठे ते मला सांगायची गरज नाही.

शिव्या घालायच्या असतील तर सविस्तर घाल, पण लिही.

तुझा,
बारक्या


१७ मार्च

बारक्यास,
आशीर्वाद आज उधार.

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे टेबलावर जुळवून पुन्हा वाचलं. जानेवारीत मुदतवाढ आणि मार्चमध्ये साक्षात्कार! मी इथे कॅलेंडरकडे बघत होते आणि तू नदीकडे. गाडी माझ्यासाठी बांधली म्हणे. बसून बघायला शेडमध्ये दुसरं होतं कोण? काकूंना बसवायचं होतं का?

हे सगळं लिहून झालं आणि पेन खाली ठेवलं. आता खरं लिहिते.

हो. माझ्यासाठीच. कधीपासून ते मला माहीत नाही. लिव्हर जवळ घेतला तेव्हा बहुतेक कळलं होतं.

रविवारी काकूंना नानांजवळ बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. स्कूटरची सवय होतीच, गिअर दोनदा अडला, मग जमलं. चौकापर्यंत जाऊन वळायचं ठरवलं होतं. चौकात वळलेच नाही. पुढे गोदामं संपली, कारखान्याची भिंत संपली, मग नुसता रस्ता. हात भरून आले, कान बधिर झाले, आणि मी मोठ्याने हसत होते. पेट्रोल रिझर्व्हला आलं तेव्हा थांबले. बारक्या, पडायची भीती नाही वाटली. परत फिरायचं मनातच आलं नव्हतं, त्याची भीती वाटली.

घरी आले तर काकू केव्हाच गेल्या होत्या. त्यांचाही संसार आहे. नाना बूट घालून पायरीवर बसले होते. मला शोधायला निघाले असणार, पायरी उतरता आली नाही. मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

गाडी विकते आहे. वेल्डरने गिऱ्हाईक बघितलंय, शनिवारी येईल. ज्या माणसाला परतायची आठवण राहत नाही त्याने निघूच नये. तुझी रजा तू तिकडेच घालव.

तुझी,
ताई


२३ एप्रिल

अगं,

अनेक आशीर्वाद.

मायन्यापाशीच अडलो, म्हणून हे असं. बारक्याला इतकी वर्षं पत्रं लिहिली, तुला कधी एकही लिहिलं नाही. लिहायला तू कुठे गेलीच नाहीस. घरात तुला 'अगं' म्हणतो, दुसरं काही सुचेना. बारक्या म्हणाला, चालतं.

तुझा मुक्कामाचा पत्ता मिळाला. आता न बोललेलं बोलून टाकतो. तू शाळेत कापड मोजून द्यायला गेली होतीस तेव्हा त्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं ते मीच. त्याला म्हटलं, गाडी विकाऊ नाही, माझ्या मुलीच्या मापाची आहे. तू आठवडाभर वेल्डरला बोल लावत होतीस, तो बिचारा गप्प राहिला. आणि त्या रविवारी मी तुला शोधायला निघालो नव्हतो. काकू गेल्या, घर गप्प झालं, मी घाबरलो. त्यांच्याकडे जाऊन बसावं म्हणून बूट घातले. तू सगळं स्वतःवर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. तुला जायला सांगताना हेही सांगायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही.

इथलं बरं चाललंय म्हणजे चाललंय. बारक्या माझी दाढी करतो तेव्हा मी डोळे मिटून घेतो. परवा माझ्या सदऱ्याला बटण लावलं ते स्वतःच्या बाहीसकट शिवलं. दोघं एकमेकांना जोडलेले बसलो होतो, काकूंनी कात्री आणून सोडवलं. गणवेशवाल्या शाळेचा शिपाई दोनदा येऊन गेला. त्याला सांगितलं, बाई प्रवासाला गेल्या आहेत. हे वाक्य मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

बारक्याची रजा दहा तारखेला संपते. त्यानंतर दिवसभर सोबतीला एक बाई येतील, त्यांच्याशी मीच बोललो. तू असलीस तरी त्या येणार आहेत. भीती वाटते ती वाटेल. सवय करीन म्हणतो, मुलगी या वयात गिअर टाकायला शिकली, तर मला एवढं जमायला हरकत नाही.

तुझं पत्र काल आलं. समुद्र, उतरलेली चेन, उन्हाने सोललेलं नाक, सगळं वाचलं. सकाळी पुन्हा वाचलं. बारक्याने मागितलं तर दिलं नाही. तो म्हणाला, नाना, एवढं काय त्यात, मला तिची ढीगभर पत्रं आलीत. मी म्हटलं, तुला आली असतील. मला हे पहिलंच आहे.

पुढचं आणखी लांबून आलं तरी चालेल.

तुझा,
नाना