बोर्डावरच्या चार ओळी

बोईसर,
शनिवार, ता. १७ डिसेंबर १९८३

प्रिय कमलाकांत,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत. हिराचा खोकला उतरला, नर्मदेची चाचणी परीक्षा संपली. तुझ्याकडे वहिनी आणि मुलं खुशाल असतील. एवढी चौकशी झाली. आता मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तू म्हणशील, रोज कारखान्याच्या एकाच गेटातून आत जातो आणि हा पोस्टाने भांडतो. पण समोर आलास की तू खांद्यावर हात ठेवतोस, "मिस्त्री, चहा घे," म्हणतोस आणि माझं बोलणं तिथंच संपतं. केळवे-माहीमच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर बसलो तेव्हापासून हे असंच आहे. तू पुढे शिकलास, हजेरीच्या टाइम ऑफिसात बसलास. मी फिटर झालो. कागदावर तरी तुझा हात पोहोचत नाही.

सायकल स्टँडजवळच्या बोर्डावर तू लावलेली सूचना अजून तिथंच आहे. चार ओळी. मला त्या पाठ झाल्या आहेत. "मंडळाच्या जव्हार सहलीत ता. ४ रोजी सभासद श्री. चिंतू वरठा यांनी मद्यपान केलेले असल्याने त्यांचा सायकलवरील ताबा सुटून अपघात झाला. मंडळ त्यास जबाबदार नाही. सदर सभासदाचे नाव कमी करण्यात आले आहे. चिटणीस."

हे खोटं आहे. तुला कुणी चुकीचं सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तू डोळ्यांनी पाहिलंस, आणि मग खोटं लिहिलंस.

पुन्हा आठवण करून देतो. बारा वर्षं आपलं सायकल मंडळ समुद्राच्या कडेनेच फिरलं. केळवे, सातपाटी, डहाणू. सगळं सपाट. यंदा पहिल्यांदा डोंगरात जायचं ठरलं ते चिंतूमुळे. "आमच्याकडं या, माझ्या घरी वस्ती करा," असं तो वर्षभर म्हणत होता. शनिवारी पालघरहून निघालो तेव्हा दामू ओरडला होता, "घाटात मिस्त्रीला दोरी बांधून ओढा रे!" वाघोबाच्या खिंडीत मी देवापुढे हात जोडून वर आलो तर चिंतू दगडावर आरामात बसलेला. "काय काका, समिंदर आठवला का?" तू किती हसलास. मीही हसलो. माझ्या छातीचा भाता झाला होता, पण मी हसलो.

संध्याकाळी जव्हारच्या अलीकडे त्याच्या पाड्यावर पोहोचलो. त्याच्या बायकोने, तानीने, आपल्या अकरा जणांना नाचणीच्या भाकऱ्या आणि उडदाची आमटी वाढली. मग ताडीचं मडकं आलं. तू दोन ग्लास घेतलेस. दामूने किती घेतले ते दामूलाच ठाऊक नाही. चिंतू वाढत होता. तू त्याला म्हणालास, "अरे, तू घे की. तू नाही प्यायलास तर ताडाचं झाड रडेल." त्यावर तो काय म्हणाला ते तुझ्या कानांनी ऐकलंय. "नको साहेब. सकाळी मी फुडं हाय. फुडच्यानं घ्यायची नाय."

आणि तू लिहितोस मद्यपान.

सकाळी पाड्यावरून घाटाच्या तोंडापर्यंत चढच होता. तिथून उतार लागला तसा चिंतू पुढे सुटला, कारण रस्ता त्याच्या ओळखीचा. तिसऱ्या वळणावर त्याने आरोळी दिली, "काका, लागंना!" एवढंच. मग कठड्याचा आवाज. आपण उतरलो तेव्हा तो खालच्या दगडांत पडला होता आणि उजवा पाय मांडीपाशी नको तिथं वाकला होता. तोंडाला वास नव्हता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, मला माहीत आहे. तूही वाकला होतास.

अपघातानंतरच्या शुक्रवारी मंडळाच्या सभेत तू विचारलंस, "कुणाला काही बोलायचंय?" जानू म्हणाला, "त्यात काय बोलायचं, ती माणसं पितातच." माना हलल्या. एकानेही विचारलं नाही की "लागंना" म्हणजे काय लागत नव्हतं. प्यालेला माणूस ब्रेक लागत नाही म्हणून ओरडेल कशाला?

मीही विचारलं नाही. मला उत्तर ठाऊक होतं.

आता ते लिहितो. इथपर्यंत यायला सहा दिवस लागले. तीन कागद फाडले, त्या तिन्हींत हे नव्हतं, नुसता तुझ्यावरचा राग होता.

माझी सवय तुला माहीत आहे. फेरी संपली की सायकल तेलाच्या फडक्याने पुसायची. आपल्या माहीमला खारा वारा लोखंड खातो, म्हणून माझा बाप वल्ह्याच्या खिळ्यांपासून पेटीच्या कडीपर्यंत सगळ्याला खोबरेल चोळायचा. सायकलची रिमसुद्धा. गावात ब्रेक लावतो कोण? पाय टेकला की सायकल थांबते. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मला वाटलं, या माणसाने आपल्याला इतकं दिलं, आपण याला काय देणार? त्याची सायकल नवी होती. वर दव पडायला लागलं होतं. मी फडकं घेतलं आणि देवाची भांडी घासावीत तशी ती सायकल पुसली. दोन्ही रिमा, आतून बाहेरून, जिथं ब्रेकचे रबर टेकतात तिथंही. चिंतू म्हणाला, "राहूं द्या ना काका." मी म्हटलं, "बस रे, ही माझी सेवा." कसली सेवा! बारा वर्षं मंडळाचा मिस्त्री म्हणवून घेतलं आणि उताराला ब्रेक लागतो हे एका संध्याकाळपुरतं विसरलो.

आणि तुला हे कळलं होतं. अपघाताच्या जागी तू ती सायकल उचलताना अंगठा रिमवरून फिरवलास. अंगठ्याकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस. मग रुमालाला तो पुसलास आणि म्हणालास, "चला, आधी माणूस उचला."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी टाइम ऑफिसात आलो तो कबूल करायलाच आलो होतो. तू दार लावून घेतलंस. "पुंडलिक, तोंड उघडू नकोस. मी बघतो. तुझी पंचवीस वर्षांची इज्जत आहे, थोरली पोरगी लग्नाची आहे. त्याचं काय, तो जाईल परत भात लावायला. आणि तो प्यायला होता म्हटलं तर कुणाला नवल वाटणार नाही."

कमलाकांत, हे वाक्य मला झोपू देत नाही. कुणाला नवल वाटणार नाही! म्हणजे तू खोटं शोधायलासुद्धा गेला नाहीस. ते तयारच होतं. एखाद्या माणसावर कोणतं खोटं सहज चिकटेल हे तू पाहिलंस आणि तेच उचललंस. तुझा संताप येतो. तेव्हा माझ्या मानेने होकार दिला, त्याचा त्याहून जास्त येतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवापुढे उभा राहतो, हात जोडतो आणि तोंडातून नाव फुटत नाही. हिरा विचारते, आज पटकन आटोपलं?

गेल्या रविवारी एसटीने पाड्यावर गेलो. चिंतू खाटेवर होता, पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. मी सगळं सांगितलं. तानी चुलीपाशी होती, ती तिथूनच बोलली, "तुमी चाकाला तेल लावला, न तुमच्या दोस्तानं माझ्या माणसाला ताडी लावली. आता आमी काय लावावा?"

मी पाया पडायला वाकलो तर चिंतूने हात आडवा केला. "माझे पाया पडून काय उपेग, काका? इथं कोन वाचतो? तिथं बोर्डावर लिवा."

त्याच्या डोळ्यांत माफी नव्हती. मी मागितलीही नाही. त्याला काय हवंय ते तुला ठाऊक आहे. सहा वर्षं तो आपल्या कारखान्यात टेंपररी आहे. गुरुवारी, बावीस तारखेला, कायम होणाऱ्यांची यादी लागते. पाय बरा होईपर्यंत थांबायला कारखान्याचे मोठे साहेब तयार होते. तुझी सूचना वाचल्यावर त्यांनी त्याच्या नावावर रेघ मारली. हे तूच मला सांगितलंस, वर म्हणालास, "सुटलास."

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मंगळवारी सकाळच्या पाळीआधी मी बोर्डावर माझा कागद लावणार आहे. तुझ्या कागदाच्या खाली. तुझा काढणार नाही, लोकांना दोन्ही वाचू देत. माझ्याही चार ओळी झाल्या:

"चिंतू वरठा प्यायलेला नव्हता. त्याच्या सायकलच्या रिमांना मी, पुंडलिक वैती, तेल लावलं होतं, म्हणून घाटात ब्रेक लागला नाही. हे चिटणीसांना त्याच वेळी कळलं होतं. चूक माझी आहे."

तिसरी ओळ घालू की नको यावर दोन दिवस गेले. घातली.

दहा वाजता मी साहेबांकडे जाणार. साहेब मला काढोत, ठेवोत, ती रेघ पुसल्याशिवाय मी केबिनमधून उठणार नाही. यायचं असेल तर ये. आलास तर तुझं तू सांग, मी मध्ये बोलणार नाही. नाही आलास तर टाइम ऑफिसात दार लावून जे बोललास ते शब्दाला शब्द सांगेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझा माझ्यावरचा लोभ मात्र काढून घे. त्याच्यापायी दुसऱ्याच्या घरची चूल विझायची वेळ आली आहे.

पुंडलिक