मुठीतली घुंगरं

नारायणगाव, १९०६. मंगळवार संध्याकाळ.

टपाल पोचलं, पण उशिरा. जुन्नरहून पिशवी घेऊन निघालो तो वारं प्यायल्यागत पळालो. जनावरं बुजावीत म्हणून काठीला बांधलेली घुंगरं नुसता गलका करत होती. धोंडीभाऊंनी शिकवताना बजावलं होतं, "घुंगरू सुटं सुटं वाजलं पायजे. गलका झाला की समज, लई पळतोस." ऐकलं का? नाही. शेवटच्या चढाला धाप लागली आणि चालायला लागलो. इथून मंचरपर्यंत टपाल नेणारे धोंडीभाऊच. मी चालतोय हे त्यांना कळू नये म्हणून घुंगरं मुठीत दाबून धरली. कुठून सुचलं कोण जाणे.

वळणावर तेच समोरून धावत आले, हातात कोयता.

"घुंगरं एकदम गप झाली. मला वाटलं, वाघानं नेलं तुला."

रागावले नाहीत. पिशवी घेतली, माझीच काठी घेतली, आल्या वाटेनं तसेच माघारी पळाले. अजून मंचर गाठायचं होतं त्यांना. मी उभाच. मघाची तीच घुंगरं, पार ऐकू येईनाशी होईपर्यंत, सुटी सुटी वाजत गेली.