जंगलातल्या प्रथमोपचाराची शिष्यवृत्ती

९ मार्च १९७८

मिळाली! जंगलातल्या प्रथमोपचाराच्या शिबिराची सगळी फी शिष्यवृत्तीतून, वर गाडीभाडंही. मागच्या वर्षी निवड होऊनही पैशांपायी राहिलं होतं. मेट्रनबाईंनी वॉर्डातच सांगितलं, हातातला ट्रे पडता पडता वाचला.

घरी सांगितलं तर बाबांनी हातमाग थांबवला. पातळ अर्धंच विणून झालं असताना? बाबा? कधीच थांबवत नाहीत.

आई म्हणाली, "काहून वं, जंगलात दवाखाना असते का?"

"नसते, म्हणूनच तर जाऊन राहिली!"

माग अजून बंदच होता. आई सरळ चटईवर आडवी झाली. "माहा पाय मोडला समज. बांध."

मी दोन लाकडी पट्ट्या लावून पाय बांधला. बाबांनी वाकून पाहिलं. "आता हिले उचलाचं कसं, तेही शिकून ये."

आई इतकी हसली की माझी गाठच सुटली.